न आलेल्या पुराबाबत

मी, नाथाजी कोंडीबा साळुंखे, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेत मोटार ऑपरेटर, राहणार मौजे उंबरघाट, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगतो आहे आणि माझी मुलगी क्रांती ते लिहून घेते आहे. माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. डोळे नाहीत. कायदा फक्त डोक्याची चौकशी करतो असं वकिलांनी सांगितलं, तरी गावात ज्यांना ही दोन्ही एकच वाटतात त्यांच्यासाठी खुलासा करून ठेवतो. मला कोणी धमकावून, नशापाणी करून किंवा गोड बोलून या कागदाला तयार केलेलं नाही. गोड बोलून मला जे ऐकवलं गेलं ते कलम पाचमध्ये येईल.

क्रांती रहिमतपूरला दिलेली आहे. तिला नदीकाठच्या मळीतले दहा गुंठे मी बक्षीसपत्रानं हयातीतच दिले, त्यामुळे या कागदात तिच्या नावावर काही नाही आणि म्हणूनच तिला लिहायला बसवली. तिला मधूनमधून 'सदरहू' आणि 'उपरोक्त' घालायची सवय आहे. मी ते काढायला लावतो. एखादं राहून गेलं असेल तर ते तिचं समजावं.

कलम १. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी दाखवलं तर ते खोटं धरावं. आमच्या घरात हल्ली काही सांगता येत नाही.

कलम २. माझा डावा डोळा चार वर्षांपूर्वी गेला. उजव्यानं दीड इंची पाइपातून बघावं तेवढं दिसत होतं, आता तो पाइपही गाळानं भरत आला आहे. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घाला म्हणाले, ते मी वेळेवर घालतो. माझ्या मृत्यूनंतर दोन्ही डोळे दान करावेत. डॉक्टर म्हणाले, काचबिंदूत बिघाड मागच्या शिरेत असतो, पुढचं बुबुळ चांगलं असतं, ते दुसऱ्याला बसवता येतं. म्हणजे डोळ्याचा चांगला भाग शेवटपर्यंत माझ्याकडेच होता आणि मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हे ऐकून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी द्यावेत. सहा तासांच्या आत कळवावं लागतं, तेव्हा आधी फोन करावा आणि रडारड नंतर करावी.

कलम ३. गळ. लोक घर आधी लिहितात, मी गळ आधी लिहितो, कारण माझी खरी मिळकत तीच आहे. बांबूच्या दोन काठ्या, नातू शिवतेजनं आणलेली चाकाची एक काठी, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, दोन रिळं, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात लहानमोठे गळ. डबा ओट्यावरच्या खुंटीला असतो. माझ्या हयातीत तो कोणीही हलवायचा नाही, साफसूफ करायला सुद्धा नाही.

मी कृष्णेवर वयाच्या नवव्या वर्षापासून मासे धरतो. नोकरी नदीवरच होती, मोटार चालू केली की हात मोकळे असायचे. आता दिसत नाही तर हा म्हातारा काठावर बसून करतो काय, असं सगळे विचारतात. मला नाही विचारत, राहीबाईला विचारतात. राहीबाई माझी पत्नी. तर उत्तर लिहून ठेवतो. नजर होती तेव्हा मी पाण्यावर तरंगणाऱ्या काडीकडे डोळे लावून बसायचो आणि काडी हलली की ओढायचो. तोवर निम्मे मासे आमिष खाऊन गेलेले असायचे. आता तंगूस पहिल्या बोटावरून सोडतो. चिलापी आली की बोटाला टोचल्यासारखे बारीक झटके बसतात. वाम असली तर आधी काहीच कळत नाही, नंतर तंगूस हळूहळू जड होत जातो. कटला आला तर बोट सांभाळावं लागतं. हे सगळं काडीला कळायच्या आधी बोटाला कळतं, आणि डोळे चांगले असताना साठ वर्षं मला याचा पत्ता नव्हता. आता मी पूर्वीपेक्षा जास्त मासे धरतो. हे काठावरच्या कोणालाही विचारावं.

मासे नाही मिळाले तरी चालतं. पाण्याचा वास, पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्यांची बोलणी, पायाखालचा गार दगड, एवढ्यावर माझी सकाळ मजेत जाते. घरात मी दिवसभर कशाला तरी धडकत असतो आणि प्रत्येक जण 'अहो जपून' म्हणत असतो. काठावर मी कशालाच धडकत नाही. घरापासून घाट सहाशे चाळीस पावलं, शाळेच्या भिंतीला हात लावून जायचं, घाटाच्या पायऱ्या चौदा, सातवी फुटकी. मी आजवर एकदाही पाण्यात पडलेलो नाही.

कलम ४. परसातल्या पत्र्याच्या शेडमधली चूल, बिडाचा तवा आणि कढई. राहीबाई माळकरी आहे, तिच्या स्वयंपाकघरात मासळी शिरलेली नाही. मासे मी आणतो, मीच साफ करतो, शेडमध्ये मीच शिजवतो आणि तिथंच बसून खातो. कढई मुलगा उदयसिंह याला द्यावी. त्याला मासा फार आवडतो, पण तो राहतो सांगलीला विश्रामबागेत आणि तिथं जिन्यात वास जातो म्हणून शेजारी बोलतात. त्या कढईत त्यानं पाहिजे तर पोहे करावेत.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून उदयसिंहाचा मला रोज सकाळी सहाला फोन. "आबा, कोयनेतून पाणी सोडलंय. घाट बुडालाय. जाऊ नका." पोरगा काळजी करतो म्हणून मला बरं वाटलं, हे सुद्धा लिही क्रांती. परतीचा पाऊस झाला होता, त्यामुळे ते खरं वाटण्यासारखं होतं. मी रोज विचारायचो, "किती आलंय?" तो रोज एक आकडा सांगायचा. आकडा कमीजास्त सुद्धा व्हायचा. एके दिवशी म्हणाला, दोन पायऱ्या उघड्या पडल्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाला, परत बुडाल्या. सतरा दिवस मी ओट्यावर बसून राहिलो. आमिषाला कणकेचे गोळे करून ठेवायचो आणि संध्याकाळी म्हशीला घालायचो.

अठराव्या दिवशी, दिवाळीच्या आंघोळीच्या दिवशी सकाळी, मी ओट्यावर बसलो होतो आणि मागच्या उसात संस्थेच्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. शेतीची लाइट आमच्याकडे एक पाळी रात्रीची आणि एक पाळी दिवसाची असते. आधी पावसानं उसाला पाणी लागत नव्हतं, मग लाइट रात्रीची होती आणि मी गोळी घेऊन झोपत होतो. त्या दिवशी दिवसपाळी लागली होती.

ज्यांना नदीकाठची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीला पाणी यायला लागलं की सगळ्यात पहिलं काम म्हणजे काठावरच्या मोटारी सोडवून वर ओढायच्या. नाही ओढल्या तर बुडतात आणि जळतात. एकतीस वर्षं मी हे काम केलं. अर्ध्या रात्री चेन लावून, गुडघाभर चिखलात उभा राहून, पन्नास अश्वशक्तीच्या मोटारी वर घेतल्या. घाट बुडाला असेल तर उसाला पाणी चालू असणं शक्यच नाही. हे सोंग ज्यानं रचलं तो मोटार ऑपरेटरच्या घरातला, माझ्या कमाईच्या भाकरीवर वाढलेला, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. खोटं बोलल्याचा राग आहेच, पण इतकं कच्चं बोलल्याचाही आहे.

मी काठी घेतली आणि एकटा निघालो. शाळेची भिंत, घाट, चौदा पायऱ्या. चौदाही कोरड्या. माझी बसायची जागा म्हणजे पिंपळाखालचा सपाट दगड. तिथं कोणीतरी खाकरलं. जोतीराम खोत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पलीकडच्या गल्लीतला, गेली पंधरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून गळ टाकणारा.

"आवं आबा! तुमी हितं? एकलंच आलासा?"

"पाणी किती आहे?"

"कसलं पानी? हात धुवायला वाकावं लागतंय एवढं खाली गेलंय."

"आणि माझ्या जाग्यावर तू काय करतोयस?"

तो दगडावरून उठला. मग म्हणाला, "उदयदादा दसऱ्याला भेटलं हुतं. म्हनलं, आबांनी गळ सोडला. म्हनून बसलो. न्हाईतर म्या बसलो असतो व्हय?"

आमच्या काठावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सातबाऱ्यावर नसते, पण कोणी मोडत नाही. जागा सोडणारा माणूस पुढच्याला स्वतःच्या तोंडानं 'बस' म्हणतो, तेव्हाच पुढचा बसतो. माझा बाप सुद्धा मला 'बस' म्हणाला होता, तोवर मी उन्हात बसायचो. मी जिवंत असताना, मला न विचारता, माझ्या पोरानं माझी जागा दुसऱ्याला देऊन टाकली. शेत विकलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

उदयसिंह दिवाळीला घरी आलाच होता. मी परत येऊन त्याला ओट्यावर उभा केला. खोटारडा म्हणालो, आणखी बरंच म्हणालो. आंधळ्याला फसवायला अक्कल लागत नाही असं म्हणालो. त्यानं तोंड उघडलं नाही. मी ती कबुली समजलो. क्रांती म्हणते, हे सगळं मृत्युपत्रात लागत नाही. लागतं, कारण कलम सहा त्याच्यावरच उभं आहे.

कलम ६. गावठाणातलं माझं राहतं घर, पुढचा ओटा, परस आणि शेडसह, माझ्या पश्चात नातू शिवतेज उदयसिंह साळुंखे, सध्या लष्करात, याला द्यावं. राहीबाईनं तिच्या हयातीपर्यंत तिथं राहावं, तिला कोणी उठवायचं नाही. उदयसिंहास या घरात मालकी नाही. तो पाहुणा म्हणून येऊ शकतो, त्याला पाहुण्याचा चहा मिळेल.

कलम ७. माझ्या हत्यारांतले पाने, पाइप पाना, ग्रीसगन आणि चेनपुली संस्थेला द्यावी. निवृत्तीच्या दिवशी संस्थेनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेही परत करावं. ते पहिल्या आठवड्यापासून मागं पडत होतं आणि मी भिडेखातर बोललो नाही.

कलम ८. माझ्या पश्चात पिंपळाखालची जागा जोतीराम खोत याची. 'बस' हे मी त्याला इथं लिहून म्हणतो आहे, पण दहाव्यानंतर. बांबूच्या दोन्ही काठ्या त्याच्या. अट एकच. काठावर मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. पंधरा वर्षं मी हे सोसलं आहे, माशांनी तरी का सोसावं?

कलम ९. पोस्टातली आणि बँकेतली ठेव राहीबाईची. तिला हिशोब विचारू नये.

इथपर्यंत काल संध्याकाळी लिहून झालं. मला वाचता येत नाही म्हणून नियमाप्रमाणे क्रांतीनं पहिल्यापासून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कलम सहा चालू असताना राहीबाई आतून आली. पुढचं जसं घडलं तसं लिहायला सांगतो आहे.

कलम १०. राहीबाई म्हणाली, "खोडा ते. उदानं न्हाई केलं. म्या करायला लावलं त्येला."

मी म्हणालो, तू मध्ये पडू नकोस, पोराला पाठीशी घालू नकोस.

"पाठीशी कशापायी घालू? फोन कर म्हनून म्या सांगितलं. आकडा बी म्याच सांगायची. जोतीरामाला तसं सांग म्हनून बी म्याच म्हनले." मग म्हणाली, "गनपतीच्या आदल्या दिशी तुमी पान्यात पडलासा. मोरीत पाय घसरला म्हनलासा मला. बंडीच्या खिशात ही वंजळभर वाळू हुती. मोरीत वाळू असती व्हय?"

म्हणून कलम तीनमधलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. मी पडलो होतो. सातव्या पायरीवर नाही, दगडावरून उठताना. छातीभर पाण्यात गेलो, पिंपळाचं मूळ हाताला लागलं म्हणून वर आलो. आसपास कोणी नव्हतं. घरी ओला आलो आणि मोरीचं सांगितलं. कालपर्यंत मला वाटत होतं हे फक्त मला ठाऊक आहे. लिहून ठेवायच्या कागदात सुद्धा मी खोटं सांगितलं, आणि क्रांतीनं ते सुंदर अक्षरात लिहून घेतलं.

"मग मला तोंडावर सांगायचं," मी म्हणालो.

"ऐकलं असतं तुमी?"

याचं उत्तर मी लिहून ठेवत नाही.

ती पुढं म्हणाली, "तुमी जातासा तवा म्या उंबऱ्यावर बसती. काठीचा आवाज परत येस्तोवर चुलीकडं जात न्हाई. दोन वर्सं झाली ह्येला. ते सतरा दिस म्या जेवले पोटभर." आवाज तिचा चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "शेचाळीस वर्सं झाली लग्नाला. तुमी कुठं बसतासा ते ठिकान मला ठावं न्हाई. 'चल' म्हनलासा कवा? म्या काय मासं खायाला मागत हुते?"

क्रांतीनं लिहायचं थांबवून उदयसिंहाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. दादा, तू दिवाळीला गप्प का बसलास, असं तिनं विचारलं. तो मग म्हणाला, "आईनं शपथ घातली होती. आबांनी मला शिव्या दिल्या, मी संध्याकाळी सांगलीला आलो. तिला दिल्या असत्या तर तिनं कुठं जायचं?"

मी उठून शेडमध्ये गेलो आणि तिथं बसलो. मला रडू आलं, हे क्रांतीनं बघितलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. राग गेला असं नाही. माझ्या डोळ्यांची अडचण घरातल्या माणसांनी माझ्याविरुद्ध वापरली, हे मला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही. नदीला पाणी किती आहे एवढं एक तरी मला कोणी खरं सांगावं. पण मी पडलो ते मीही सांगितलं नव्हतं.

कलम ११. सबब कलम सहा रद्द. घर माझ्या पश्चात राहीबाईचं आणि तिच्या पश्चात उदयसिंहाचं, पूर्ण मालकीनं. शिवतेजला त्याच्या बापाकडून मिळेलच. पाहुण्याच्या चहाचं वाक्य रद्द. खोटारडा हा शब्द मागं घेतो. क्रांती म्हणते, खाडाखोड कशाला, नवीन कागद करू, मी परत लिहिते. नको. मी त्याला काय म्हणालो होतो ते त्याला वाचता यावं आणि ते चूक होतं हेही त्याच कागदावर वाचता यावं. सबब हा शब्द क्रांतीचा आहे, पण इथं शोभतो, राहू दे.

कलम १२. हे मृत्यूनंतरचं नाही, आधीचं आहे. तरी इथंच लिहितो, कारण दुसरा कागद माझ्याकडून होणार नाही. मी नदीवर जात राहणार. जोवर बोटाला तंगूस कळतो तोवर जाणार. ज्या दिवशी खरोखर पाणी आलं असेल त्या दिवशी जाणार नाही. एकट्यानं जाणार नाही, राहीबाई बरोबर येईल. आज सकाळी ती आली होती. सहाशे चाळीस पावलं मी मोजली, ती म्हणाली मोजायची काय गरज आहे, मी आहे ना. पूर्ण वेळ ती माझ्या उजव्या हाताला बसून बोलत होती. पलीकडं किती म्हशी आहेत, कोणाच्या आहेत, आभाळ कसं आहे, जोतीरामानं सदरा कुठला घातला आहे. मी दोनदा गप्प बस म्हणालो. मासा एकही लागला नाही, लागणार कसा? जोतीराम परवडला. उद्या परत जायचं ठरलं आहे.

वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून मला आज दोन वेळा वाचून दाखवला. तो मला मान्य आहे. सही करायची जागा मला दिसत नाही, ती राहीबाईनं माझा हात धरून दाखवली. जागा बरोबर आहे असं ती म्हणते. मी ते खरं धरून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण : मौजे उंबरघाट
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदार
१) डॉ. सूरज पिसाळ, वैद्यकीय व्यवसाय, उंबरघाट. नाथाजी साळुंखे यांना मी आज तपासलं. ते शुद्धीवर व पूर्ण समजुतीत आहेत. (सही)
२) नानासो शेळके, पाणीपुरवठा संस्थेचे हल्लीचे ऑपरेटर. (सही)

मृत्युपत्र करणार
नाथाजी कोंडीबा साळुंखे

लिहून घेणार
सौ. क्रांती माने, रहिमतपूर. (सही)

लिहून घेणारीची नोंद : आईला अक्षरओळख नाही. तिनं दाखवलेल्या जागेमुळे वडिलांची सही त्यांच्या नावापुढं न पडता साक्षीदार क्रमांक दोनच्या नावावर पडली आहे. नानासोंनी त्याखाली सही केली. वडिलांना हे लगेच सांगितलं आणि नावापुढं दुसरी सही करा असं सुचवलं. ते म्हणाले, "राहू दे. तिनं दाखवली तिथंच हाय ती."